बांधावरची हाक

त्या दिवशी बांधावर माझ्या बहिणीला मागून हाक कोणी मारली? मी गावात घरोघरी जाऊन विचारलं. कुणीच उत्तर दिलं नाही.

एका गावात एक बहीण होती. माझीच होती, पण गोष्ट सगळ्यांच्या कामाची आहे, म्हणून ‘एका गावात’ म्हणतो. गाव खाडीच्या काठी. शेत थोडं, मिठागर मोठं. भरतीचं पाणी आत घ्यायचं, उथळ वाफ्यांत उन्हाला ठेवायचं आणि पाणी आटलं की तळाचं मीठ लाकडी फळीनं ओढून काढायचं, हे पुरुषांचं काम. ते मीठ टोपलीत भरून डोक्यावरून रस्त्याकडेच्या राशीपर्यंत न्यायचं, हे बायकांचं. वाफ्यांतून राशीकडे जायला वाट एकच, चिखलाचा बांध. एका वेळी एकच पाऊल मावेल एवढा. मधे एका ठिकाणी उघाडी होती. उघाडी म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायचं दगडी दार. तिथं बांध आणखी अरुंद आणि खाली दगड.

बायका एकीमागं एक चालायच्या. सगळ्यांत पुढची ती म्होरकी. तिच्या चालीनं बाकीच्या चालणार. माझी बहीण हौसाबाय म्होरकी होती. आई-बाप लवकर गेले. तिनंच मला वाढवलं. मी तिला बाय म्हणायचो. तिची टोपली शिगोशीग भरलेली असायची, पण तिच्या मागं बांधावर मिठाचा खडा पडलेला दिसायचा नाही.

या बांधाचा एक नियम होता. पोरगी पहिल्यांदा टोपली उचलायची तेव्हा तिला एकच गोष्ट शिकवत, “मान म्होरं.” डोक्यावर ओझं असताना मान वळली की ओझं वळतं, ओझं वळलं की बाई गेली. म्हणून बांधावर कुणी मागं बघायचं नाही आणि बांधावरच्या बाईला कुणी हाक मारायची नाही. काही झालं तरी नाही. हाक मारणं म्हणजे ढकलणंच, असं म्हातार्‍या सांगायच्या.

एका हंगामात बायला ताप आला. ताप उतरला. सकाळी ती उठून बसली आणि तिला घर फिरताना दिसलं. उभी राहिली ती सरळ कोंबड्यांच्या खुराड्यावर पडली. कोंबड्या ओरडत बाहेर पळाल्या. शेजारच्या ओट्यावरून कुणीतरी म्हणालं, “हौसा, सकाळी सकाळीच घेतलीस काय गं?” सगळे हसले. बायही हसली. पण तिनं खुराडं सोडलं नाही. दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं.

नंतर ती भिंत धरून चालायला लागली. पुढं खाटेवर बसून राहायला लागली. शेजारणी चांगल्या होत्या. पाणी हातात द्यायच्या, ताट हातात द्यायच्या, मोरीपर्यंत धरून न्यायच्या. तिला काहीच करू द्यायच्या नाहीत. त्यामुळं तिच्या पायांतलं होतं नव्हतं ते बळही जायला लागलं.

मी तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कान तपासले, डोळ्यांपुढं बोट फिरवलं आणि मागच्या खोलीत काझी मॅडमकडे पाठवलं. त्या फिजिओथेरपिस्ट. खोलीत लोखंडी कठडा होता, एक गादी होती, जमिनीवर पांढरी पट्टी मारलेली होती.

“मना वाटलं गोळी देतील,” बाय म्हणाली.

“सुरुवातीला गोळी ठीक होती. आता ती गरगर नुसती दाबून ठेवेल,” मॅडम म्हणाल्या. “तोल मात्र शिकवावा लागतो.”

त्यांनी समजावून सांगितलं. कानाच्या आत तोल सांभाळणारा एक भाग असतो. तापानं त्याची एका बाजूची शीर दुखावली होती. ती बाजू आता मेंदूला चुकीची खबर देत होती. मेंदूला नव्यानं शिकवलं तर तो शिकतो. पण त्यासाठी डोकं हलवावं लागतं, आणि डोकं हलवलं की गरगरतं. “थोडं गरगरू द्यायचं,” मॅडम म्हणाल्या. “अजिबात गरगरलं नाही, तर मेंदू शिकणार कशावर? फक्त भिंत हाताशी हवी आणि माणूस जवळ हवं.”

मग त्यांनी घराचं विचारलं. उंबर्‍यापाशी गोणपाट आहे का? काढा. मोरी ओली राहते का? तिथं धरायला काहीतरी बसवा. मी घरी आलो तोच गोणपाट उचलून उकिरड्यावर फेकलं आणि मोरीच्या भिंतीत बांबू ठोकला. बाय म्हणाली, “एवढ्या जोरात नको रं ठोकूस, भिंतच माझ्या आधी पडंल.”

बाय मेहनती होती. पाय जुळवून उभी राहायची. भिंतीला बोट लावून एका पायावर उभी राहायची. एका पायाची टाच दुसर्‍या पायाच्या बोटांना टेकवत, पट्टीवरून चालावं तशी अंगणात चालायची. शेजारची पोरं तिच्या मागं तशीच चालत रांग करायची. हळूहळू भिंत सुटली. खाट सुटली. एके दिवशी ती विहिरीवर एकटी जाऊन आली. मी कामावरून आलो तर दारात भरलेली कळशी आणि शेजारी कमरेवर हात ठेवून ती.

एकच व्यायाम तिला आवडत नव्हता. चालता चालता मान उजवीकडं वळवायची, मग डावीकडं, मग कुणी मागून बोलल्यासारखं मागं बघायचं. त्यानं तिला मळमळायचं. आणि एकदा तो करताना तिला कमळीकाकीनं पाहिलं. कमळीकाकी आधीची म्होरकी. आता तिचे केस पांढरे झालेले, पण मिठागरावर तिचा शब्द चालायचा.

“हौसा, ही मान कोंबडीगत काय हलवतेस?”

“मॅडमनी सांगितलंय.”

“मॅडम बांधावर चालते काय? सवय लागंल गं बाय. इथं वळवशील, तर तिथं पन वळंल. आपण पोरींना जन्मभर काय शिकवलं? आन् तू उलटं शिकतेस?”

बायला ते पटलं. पटणारच होतं. चालताना मान वळवायची नाही, हे तिच्या हाडात होतं. आणि मळमळणारी गोष्ट सोडायला माणसाला कारण मिळालं की माणूस ती सोडतो. तिनं बाकी सगळे व्यायाम केले, तेवढा सोडला. मला हे काकीनं नंतर सांगितलं.

पुढच्या खेपेला मॅडमनी तिला पट्टीवरून चालवलं. सरळ ती सुतासारखी चालली. मग मॅडम मागून म्हणाल्या, “आता माझ्याकडे बघत चाला.” बायनं मान वळवली आणि तिचा हात कठड्यावर आपटला.

“जमीन ओली हाय,” बाय म्हणाली.

जमीन कोरडी होती.

“घरी हे करता ना तुम्ही?”

“करते की.”

“रोज?”

“रोज.”

मॅडम तिच्याकडं बघत राहिल्या. “हौसाबाई, हे जमेपर्यंत बांध नाही. ओझं तर नाहीच नाही. सरळ चालता येणं म्हणजे बरं होणं नव्हे.”

वाटेत मी विचारलं, “खरंच करतेस ना गं बाय?”

“तू मॅडमचा हवालदार हायेस काय?” ती म्हणाली, आणि मला तिच्या पिशवीतला पेरू दिला. बोलणं तिथंच संपलं.

हंगाम संपत आला. आमच्याकडं एक रीत आहे. शेवटच्या दिवशीची शेवटची रांग जी बाई नेते, ती पुढच्या हंगामाची म्होरकी. बाय आजारी पडल्यापासून चांगुणा रांग नेत होती. चांगुणा वयानं लहान, स्वभावानं गरीब. तिच्या टोपलीतून खडे सांडायचे. राशीवरचे पुरुष तिला म्हणायचे, “चांगुणे, वाटेवर पेरतेस काय? मीठ उगवत नाय गं.” बाय हे ऐकायची आणि गप्प बसायची. तिच्या मनात काय चाललंय ते तिच्या चुंबळीवरून कळत होतं. डोक्यावर टोपलीखाली ठेवायची ती कापडाची चुंबळ. तिनं ती धुऊन, नव्यानं वळून खुंटीला लावली होती.

शेवटच्या दिवशी ती चुंबळ घेऊन निघाली.

“मॅडम नाय म्हणल्यात,” मी दारात आडवा झालो.

“एकच रांग रं.”

“एक पन नाय.”

“पोशा, मी खाटेवर बसले होते ना, तेव्हा लोक मना हातात पाणी द्यायचे. आता बांधावर गेले नाय, तर जन्मभर देतील. बाजूला हो.”

तिनं मला बाजूला केलं. ती मोठी होती. मी झालो.

बांधाच्या तोंडाशी चांगुणानं तिला पाहिलं आणि आपली टोपली खाली ठेवली. “ये बाय. तुझीच जागा हाय.” कमळीकाकीनं स्वतः तिच्या डोक्यावर टोपली चढवली. बायका आनंदल्या होत्या. कुणी म्हणालं, “आज खडा पडायचा नाय.”

मी वाफ्यात फळी घेऊन उभा होतो. मीठ ओढायचं सोडून तिच्याकडं बघत होतो. राशीवर एक पांढरं निशाण लावलेलं असतं, तिची नजर त्याच्यावर. ती खाली बघत नव्हती, बाजूला बघत नव्हती. निशाणाला दोरी बांधून कुणी ओढत असावं तशी चालली होती. तिच्यामागं चांगुणा, मग काकी, मग बाकीच्या. काही बायका आधीची खेप टाकून राशीजवळ थांबल्या होत्या, काही मागच्या तोंडाशी टोपल्या भरून घेत होत्या. वारा सुटला होता. कुणी बोलत नव्हतं. उघाडी जवळ आली. ती उघाडीच्या दगडांवर आली.

तेवढ्यात हाक आली.

“हौसाबाय!”

बाईचा आवाज होता. वार्‍यानं फाटलेला. कुणाचा ते कळलं नाही.

बायनं मान वळवली. टोपली वळली. तिचा एक हात वर गेला, काहीतरी धरायला. धरायला तिथं काही नव्हतं. ती दगडावर पडली आणि तिच्या अंगावर मीठ सांडलं.

मागची रांग जागच्या जागी थांबली. डोक्यावर ओझी, पायाखाली पाऊलभर चिखल. कुणाला वाकता येईना, वळता येईना. सगळ्या पुढं बघत उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी वाफे तुडवत धावलो. तिच्या तोंडावरचं मीठ पुसलं. तिनं माझ्याकडं पाहिलं, पण ती बोलली नाही. दवाखान्यात न्यायला तिला गाडीत घातलं, पण गाडी रस्त्याला लागायच्या आधीच ती गेली.

त्यानंतर मला एकच दिसत होतं. ज्या तोंडानं हाक मारली ते तोंड. मला ते हवं होतं.

मी चांगुणाच्या दारात गेलो. हातात मीठ ओढायची फळी होती. “तू मागं होतीस. तुला म्होरकी व्हायचं होतं. बोल.”

चांगुणा भिंतीला टेकली. “पोशा, मी तिला जागा दिली. माझ्या हातानं टोपली उतरवली. मी हाक मारीन?”

“मग कोणी मारली?”

“मना माहीत नाय.”

“तू ऐकलीस की नाय?”

आतून तिची सासू म्हणाली, “कावळा ओरडला असंल.” मी फळी दारावर आपटली. दाराची फळी फुटली. तरी कुणी काही बोललं नाही. कमळीकाकीकडं गेलो. ती मानेच्या व्यायामाचं बोलली, रडली, पण हाकेचं विचारलं की तिचं तोंड बंद. घरोघरी तेच. हाक सगळ्यांनी ऐकली होती आणि कुणीच मारली नव्हती. ज्या बांधावर हाक मारणं म्हणजे ढकलणं, तिथं कोण कबूल होणार?

मग मी काझी मॅडमकडं गेलो. त्या एका आजोबांना कठडा धरून उभं करत होत्या. मी दारातूनच ओरडलो, “तुम्ही तिला चालायला लावलंत! चालायला लागली आन् मेली!”

मॅडमनी आजोबांना खुर्चीत बसवलं. मग त्या माझ्यासमोर आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. “कशी पडली?”

“मागून हाक आली. वळली.”

“मान वळवायचा व्यायाम...”

“सोडला होता. आमच्यात बांधावर मान वळवत नाय.”

त्यांनी हात कठड्यावर टेकला. मग म्हणाल्या, “पोशा, नावानं हाक आली की मान वळते. ते ठरवून होत नाही. तुमच्या बांधाचा नियम पायाला ठाऊक होता, मानेला नाही. कुणाच्याच मानेला नसतो. म्हणून तर मी तो व्यायाम देते. हाक येऊ नये म्हणून नाही. हाक आली तर उभं राहता यावं म्हणून.”

मला ते ऐकायचं नव्हतं. मी निघून आलो. पण घरी गेलो नाही. सरळ बांधावर गेलो, जिथं ती पडली तिथं. मला वाटत होतं, तिथं उभं राहिलं तर आवाज ओळखू येईल. उन्हं कलली होती. दगडावर मीठ अजून चिकटलेलं होतं. मी निशाणाकडं तोंड करून उभा राहिलो, जशी ती होती. मग खाली बघितलं, जसं तिनं बघितलं नव्हतं.

तिच्या पुढच्या पावलापाशी बांध नव्हता.

वरून चिखलाची पातळ साय होती. खाली खेकड्यांनी पोखरून पोकळ केलेलं. कडेनं पाणी आत शिरत होतं, साय हलत होती. निशाणावर नजर लावून चालणार्‍या बाईला ती दिसली नसती. लांबून, बाजूनं बघणार्‍या बाईला पाण्याची चमक दिसली असती. त्या बाईनं काय करावं? नियम पाळून गप्प बसावं? की नियम मोडून ओरडावं?

ती ओरडली. माझी बहीण वाचावी म्हणून ओरडली.

मी तिथं खाली बसलो. फळी बाजूला टाकली.

दुसर्‍या दिवशी राशी गवतानं झाकायच्या होत्या. सगळ्या बायका आल्या होत्या. मी त्यांना उघाडीपाशी नेलं आणि पोकळ बांधावर बांबू टेकवला. बांबू आत गेला. बायका बघत राहिल्या. मी म्हणालो, “हाक जिनं मारली तिनं बरोबर केलं. आता मी पुन्हा विचारणार नाय.”

माझ्या मागं कुणीतरी गवताचा भारा एकदम खाली टाकल्याचा आवाज झाला. कुणी ते मी वळून पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही.

मी माती आणि दगड घालून बांध भरला. उघाडीपाशी तो दोन माणसं जातील एवढा रुंद केला आणि दोन्ही बाजूंना बांबूचा कठडा ठोकला, काझी मॅडमच्या खोलीत होता तसा. चांगुणाच्या दाराला नवी फळी बसवली. मग मॅडमना बोलावलं. त्या चपला हातात घेऊन बांधावरून आल्या. त्यांनी बायकांना आधी अंगणात, भिंतीपाशी उभं केलं. कमळीकाकी एका पायावर उभी राहायला निघाली आणि लगेच भिंत धरली. “या वयात बगळा व्हायचं काय मॅडम?” सगळ्या हसल्या. बाय गेल्यावर पहिल्यांदा कुणी हसलं.

पण मान वळवायची वेळ आली तेव्हा कुणी हसलं नाही. सगळ्या काकीकडं बघायला लागल्या. काकी भिंत धरून उभी होती. तिनं हळूच मान उजवीकडं वळवली, मग डावीकडं. “शिकवलं ते अर्धंच शिकवलं गं आम्ही,” ती म्हणाली.

अंगणात जमल्यावर बायका बांधावर आल्या. रिकाम्या डोक्यानं, टोपलीशिवाय. कठड्याजवळून एकीमागं एक. पुढं चांगुणा. मी मागं थांबलो. मॅडमनी मला सांगितलं होतं काय करायचं ते, पण माझ्या तोंडातून आवाज निघेना. त्या बांधावर हाक मारायची होती.

चांगुणा पुढं बघतच म्हणाली, “मार रं पोशा. किती वेळ उभं करतोस?”

मी हाक मारली, “चांगुणा!”

तिनं मान वळवली. डुलली. हात बांबूवर गेला. मग हात सुटला आणि ती चालायला लागली. मी काकीला हाक मारली. ती वळली, मला एक शिवी दिली आणि चालली. एकेकीला हाक मारत गेलो. एकेक वळली, एकेक सावरली.

सगळ्यांची नावं संपली. रांग उघाडीवर आली होती. मग मी आणखी एक हाक मारली, जोरात, जेवढा आवाज होता तेवढ्या आवाजानं.

“हौसाबाय!”

सगळ्याजणी एकदम वळल्या.

कुणीही पडलं नाही.

तात्पर्य: चालणार्‍याला कुणी हाक मारू नये, एवढी काळजी पुरत नाही; हाक आली तरी उभं राहता येईल, असा तोल त्याच्या अंगात रुजवावा. आणि शिकताना जे सगळ्यांत गरगरवतं, तेवढंच सोडून देऊ नये.